पूर ओसरला, पण फीचें काय?

सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर व सोलापूर जिल्ह्यावर जें जलसंकट कोसळलें त्याचें वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांनीं काय केलें, हें भूम, परंडा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि इतरांनीं वर्तमानपत्रांत वाचलें आहे. काढणीस आलेलें सोयाबीन शेतांत कुजलें, जनावरें दावणीसकट वाहून गेलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं तर पीकच काय, पण ज्या मातींत पीक येतें ती मातीही खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. राज्य सरकारनें ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती पुरेशी होती कीं नव्हती, आणि जाहीर झालेल्यापैकीं किती कोणाच्या हातीं पडली, यावर वाद पुष्कळ झाला, व तो व्हावयासच पाहिजे होता. परंतु त्या साऱ्या वादांत एका वर्गाचें नांव आम्हांस फारसें ऐकूं आलें नाहीं. हा वर्ग म्हणजे त्याच घरांतील, पण पूर आला त्या रात्रीं घरीं नसलेला मुलगा किंवा मुलगी; लातुरास, नांदेडास, सोलापुरास, छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास खोली घेऊन कॉलेजांत शिकणारी. त्यांच्या अंगावर पाणी आलें नाहीं, म्हणून ते पूरग्रस्त नव्हेत, असा एक समज रूढ झालेला दिसतो. तो किती खोटा आहे हें दाखविण्याकरितां हा लेख आहे.

या मुलांची फी कोठून येते, याचा हिशेब शहरांत पगारावर राहणाऱ्यांस कदाचित् ठाऊक नसेल. पण आमच्या वाचकांत आडते व व्यापारी पुष्कळ आहेत, त्यांस तो आम्हीं सांगावयास नको. जून-जुलैंत प्रवेशाच्या वेळीं पहिला हप्ता जातो. तो हातउसना घेऊन, शेळ्या विकून, किंवा घरांतील चार मणी गहाण टाकून भरलेला असतो. पुढचा हप्ता दिवाळीच्या मागेंपुढें. त्याच सुमारास सोयाबीन बाजारांत येतें, आणि आडतीच्या पायरीवर पट्टी हातीं पडतांच शेतकरी तेथूनच मुलाच्या खात्यावर पैसे पाठवितो. खोलीचें भाडें व मेसचा महिना हीं तर दर महिन्याचीं देणीं. २०२५ सालीं ती पट्टी हातीं पडलीच नाहीं. बी, खत व औषधें यांची उधारी मात्र दुकानदाराच्या वहींत जशीच्या तशी राहिली. अशा घरांतून महिन्याच्या महिन्याला शहरांत पैसे कसे जावेत? ज्या बापानें आजवर मुलास “तूं अभ्यासाकडे बघ, बाकीचें मी बघतों” असें सांगितलें, त्यास आतां तें वाक्य उच्चारण्याचा धीर होत नाहीं. आणि मुलगाही शहाणा असतो. तो मागत नाहीं. तो एक वेळचें जेवण सोडतो, मग खोली सोडतो, आणि शेवटीं कोणास न सांगतां कॉलेज सोडतो. हजेरीपटावरील त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण होते, इतकाच काय तो त्याचा बोभाटा.

आपत्तीच्या वेळीं सरकारी तिजोरींतून कोणास काय द्यावयाचें याची एक ठराविक यादी असते. केंद्र सरकारनें २०२२ ते २०२६ या काळासाठीं जे निकष ठरविले, त्यांत मृताच्या वारसांस ४ लाख रुपये, दुभत्या गाई-म्हशीमागें ३७,५०० रुपये, शेळीमेंढीमागें ४,००० रुपये, घर वाहून गेल्यास कपड्यांसाठीं २,५०० व भांड्यांसाठीं आणखी २,५०० रुपये, असें सर्व तपशीलवार लिहिलेलें आहे. यांतील एकही रक्कम अनाठायीं नाहीं. उलट ज्याची म्हैस गेली त्यास विचारा, ३७,५०० रुपयांत तशी म्हैस मिळते काय! परंतु शेळीची किंमत लिहावयास जी यादी विसरली नाहीं, तिच्यांत कॉलेजच्या फीचें नांव मात्र कोठेंही नाहीं. शाळेची इमारत पडली तर तिची दुरुस्ती होते. त्या इमारतींत बसणाऱ्याची जागा रिकामी झाली तर ती नुकसानींत धरली जात नाहीं. यादी करणारांच्या मनांत दुष्टावा होता असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षण बंद पडणें हें नुकसान पाण्याबरोबर त्याच दिवशीं दिसत नाहीं. तें दोन-तीन महिन्यांनीं, पाणी ओसरून मंत्र्यांचे दौरे संपल्यावर होतें. मेलेल्या जनावराचा पंचनामा करावयास तलाठी येतो. नोव्हेंबरांत बंद पडलेल्या शिक्षणाचा पंचनामा करावयास कोणी येत नाहीं.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांस सवलत दिली नाहीं असें कसें? दुष्काळ जाहीर झाला म्हणजे ज्या सवलती लागू होतात, त्याच २०२५ च्या पूरग्रस्त भागांसही लागू करण्यांत आल्या. जमीन महसुलांत सूट, सहकारी कर्जाचें पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीस स्थगिती, आणि त्यांतच शाळा-कॉलेजांतील परीक्षा-शुल्काची माफी. ही माफी दिली हें चांगलेंच केलें. परंतु परीक्षेची फी ही शिक्षणाच्या एकंदर खर्चांत किती, हें कोणत्याही पालकास विचारावें. शिकवणीची फी, भाडें, जेवण, पुस्तकें, जाण्यायेण्याचा खर्च हीं सर्व बाजूस ठेवून परीक्षेपुरती सूट देणें म्हणजे लग्नाचा सारा खर्च मुलीच्या बापावर टाकून अक्षतांचे तांदूळ आपण देण्यासारखें आहे. परीक्षेस बसण्याकरितां मार्चपर्यंत कॉलेजांत राहणें भाग आहे, ही साधी गोष्ट या सवलतींत गृहीत धरलेली नाहीं.

शिष्यवृत्त्या आहेत, हेंही खरें. मागासवर्गीयांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. खुल्या वर्गांतील गरिबांसाठीं राजर्षी शाहू महाराजांच्या नांवाची फी-सवलत आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा निर्वाह भत्ता व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवाची स्वाधार योजना आहे. नांवें थोर आहेत आणि योजनाही चांगल्या आहेत. परंतु या सर्वांचा पाया एका कागदावर आहे, आणि तो कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला मागें पाहतो. संपलेल्या आर्थिक वर्षांत घरीं किती आलें, हें तो सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्यें ज्याचें सर्वस्व गेलें, त्याचा दाखला मार्च २०२५ पर्यंतच्या भरल्या घराचा! अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची. एखाद्याचें मागील वर्षाचें उत्पन्न त्याहून दहा हजारांनीं अधिक भरलें तर यंदा त्याच्या घरीं चूल पेटत नसली तरी कागदाच्या दृष्टीनें तो सुखवस्तु ठरतो.

यावर असें उत्तर मिळतें कीं, फी-सवलतीची मर्यादा ८ लाखांची असतां शेतकऱ्याचा मुलगा तिच्या बाहेर राहतोच कोठें? हें उत्तर अर्धेंच खरें आहे. शाहू महाराजांच्या नांवाच्या योजनेंत मुलांस व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी मिळते. उरलेली निम्मी पूर येवो कीं दुष्काळ येवो, बापानेंच भरावयाची. शिवाय मंजूर झालेली रक्कम वेळेवर येत नाहीं, ही तक्रार इतकी जुनी झाली आहे कीं ती पुन्हां लिहावयास संकोच वाटतो. आणि मर्यादेच्या बाहेर राहणारेही आहेत. तालुक्याच्या बाजारपेठेंतील कापडाचा किंवा किराण्याचा दुकानदार घ्या. दुकानांत कंबरभर पाणी शिरून माल गेला. मागील वर्षाचें उत्पन्न नऊ लाख दाखविलें होतें. सातबारा त्याच्या नांवावर नाहीं. त्याचा मुलगा कोणत्याच योजनेंत बसत नाहीं. त्याच्या उलट टोंकास शेतमजूर व बटईदार आहेत. पंचनामा जमिनीच्या मालकाच्या नांवें होतो, मदतही त्याच्याच खात्यावर जाते. बटईनें कसणाऱ्याचें पीक गेलें तरी त्याचें नांव कागदावर नाहीं. मजुराची तर मजुरीच बुडाली, आणि बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणत्याही कायद्यांत सांगितलेला नाहीं. ज्या घरांतून पहिलाच मुलगा कॉलेजची पायरी चढला आहे अशीं घरें या दुसऱ्या वर्गांतच अधिक आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

अमेरिकेच्या श्रीमंतीशीं आपली बरोबरी नाहीं, आणि तेथील कॉलेजांची फी ऐकली तर आपल्याकडील बाप घेरी येऊन पडेल. परंतु याच प्रश्नावर तेथील कायद्यानें जो मार्ग काढला आहे तो पैशाचा नसून अक्कलेचा आहे, म्हणून तो घेण्यास हरकत नसावी. तेथेंही मदतीचा हिशेब जुन्या, म्हणजे दोन वर्षांपूर्वींच्या, कराच्या कागदांवरूनच करतात. पण उच्च शिक्षणाच्या कायद्याच्या ४७९-अ या कलमानें प्रत्येक कॉलेजांतील मदत-अधिकाऱ्यास असा अधिकार दिला आहे कीं, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरची स्थिति नोकरी सुटल्यामुळें, मृत्यूमुळें किंवा आपत्तीमुळें पालटली असल्यास, पुरावा पाहून त्यानें तो हिशेब बदलावा. विद्यार्थी अर्ज करतो, कागद जोडतो, आणि कॉलेजांतील माणूस त्याच्या एकट्याच्या स्थितीचा विचार करून निर्णय देतो. सर्वांस सरसकट नाहीं, आणि कोणास दारांतूनच परतही नाहीं. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कतरीना वादळानें न्यू ऑर्लिन्स शहर बुडविलें तेव्हां तेथील टुलेन विद्यापीठ एक संपूर्ण सत्र बंद राहिलें. त्याच्या विद्यार्थ्यांस देशभरच्या विद्यापीठांनीं आपल्या वर्गांत बसवून घेतलें. आपत्तीमुळें ज्यांस सत्र सोडावें लागलें त्यांच्याकडून आधीं दिलेल्या अनुदानाची वसुली करूं नये, असा कायदाही तेथील काँग्रेसनें त्याच सप्टेंबरांत केला. संकटानंतर महिन्याच्या आंत हें झालें, याकडे आम्ही विशेष लक्ष वेधतों.

आमच्या सरकारकडे आमचें मागणें याच धर्तीचें आहे, आणि तें एका वर्षापुरतें नाहीं. २००५ सालीं मुंबई व कोंकण, २०१९ सालीं सांगली-कोल्हापूर, २०२१ सालीं चिपळूण व महाड, २०२५ सालीं मराठवाडा. पूर आतां पाहुण्यासारखा येत नाहीं, हिस्सेदारासारखा येतो. तेव्हां दर वेळीं नवा ठराव, नवें परिपत्रक व नवी मुदत असा खेळ न करतां कायमचा नियम असावा कीं, ज्या तालुक्यांत आपत्ति जाहीर झाली असेल तेथील विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीचा अर्ज वर्षाच्या मध्येंही नव्यानें करतां यावा, आणि अशा अर्जास जुन्या उत्पन्नाच्या दाखल्याऐवजीं नुकसानीचा पंचनामा पुरावा म्हणून चालावा. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक यांनीं मिळून केलेला पंचनामा नुकसानभरपाईसाठीं जर प्रमाण आहे, तर फीसाठीं तो अप्रमाण कां? जेथें सातबारा नाहीं तेथें ग्रामसभेनें किंवा नगरपालिकेनें दिलेला दाखला घ्यावा. दुसरें असें कीं, मदत वर्षापुरती देऊन थांबूं नये. खरडून गेलेली जमीन पुन्हां उभी करण्यास सरकारनें स्वतःच हेक्टरी ४७,००० रुपये रोख व रोजगार हमींतून ३ लाख रुपयांचीं कामें मंजूर केलीं. म्हणजे हें काम एका हंगामाचें नाहीं हें सरकारास मान्य आहे. मग पहिल्या वर्षांत असलेल्या विद्यार्थ्याची सवलत त्याची पदवी होईपर्यंत चालू राहिली पाहिजे, हें ओघानेंच येतें. खासगी विनाअनुदानित संस्थांची फी २०१५ च्या कायद्यान्वयें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. आपत्तिग्रस्तांसाठीं हप्ते पुढें ढकलण्याची अट त्याच वेळीं घालण्यास काय अडचण आहे हें आम्हांस समजत नाहीं.

या सूचनेवर पहिला आक्षेप लबाडीचा येईल, आणि तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. खोटे पंचनामे होतात, एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याचें घर भरतें, हें खेड्यापाड्यांत कोणास ठाऊक नाहीं? परंतु फीच्या बाबतींत लबाडीला जागा उलट कमी आहे. पैसे घरच्या खात्यावर न जातां कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर जावयाचे. विद्यार्थी वर्गांत बसतो कीं नाहीं हें दररोज दिसतें. आणि त्याच्या गांवचे दोन-चार विद्यार्थी त्याच कॉलेजांत असतात, ते खोट्याला खोटें म्हणतील. दुसरा आक्षेप पैशाचा. त्यास आम्ही एवढेंच म्हणूं कीं, विद्यार्थ्यानें शिक्षण मध्येंच टाकलें तर आजवर त्याच्यावर झालेला सरकारचा व बापाचा, दोघांचाही खर्च बुडतो. दोन वर्षें फी भरून तिसरें वर्ष सोडून देणें हा व्यवहार कोणत्याही दुकानाच्या खतावणींत तोट्याच्याच बाजूस लिहिला जाईल. कर्जाचा मार्ग आहे असें सांगणारेही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेंत तारणाशिवाय कर्ज मिळतें, पण तें देशांतील निवडक उच्च दर्जाच्या संस्थांतील विद्यार्थ्यांस. परंड्याच्या किंवा गेवराईच्या कॉलेजांत बी. ए. च्या दुसऱ्या वर्षांत बसलेल्या मुलास तिचा काय उपयोग? आणि ज्या घरावर आधींच पीककर्ज थकलें आहे त्या घरास आणखी एक कर्ज काढ म्हणून सांगणें यांत उपकार कोणता?

मुलींविषयीं दोन शब्द वेगळे लिहिणें अवश्य आहे, कारण संकटांत खर्चाला पहिली कात्री लागते ती त्यांच्या शिक्षणास. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ झाली. हा निर्णय स्तुत्य होता व आहे. परंतु फी माफ झाली तरी भाडें माफ झालें नाहीं, मेस माफ झाली नाहीं, आणि साध्या कला-विज्ञान शाखेंतील मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमांत मोडत नाहीं. भाऊ व बहीण दोघेंही बाहेरगांवीं शिकत असतील आणि एकाचाच खर्च झेपत असेल, तर परत कोणास बोलावितात हें आम्हीं सांगावयास पाहिजे काय? परत आलेल्या मुलीची वाट कोणती, तीही ठरलेली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्क्यांचें लग्न अठराव्या वर्षापूर्वीं झालेलें आढळलें. बीड व परभणी या जिल्ह्यांत तर हें प्रमाण चाळिसांच्या पुढें गेलें. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास मागें राहिलेल्या तरुण मुलीची काळजी वाटते, आणि त्या काळजीवर लग्न हाच तोडगा काढला जातो. अशा जिल्ह्यांत वसतिगृहांतील एक खाट व दोन वेळचें जेवण एका मुलीचें लग्न चार वर्षें पुढें ढकलूं शकतें. बालविवाहाविरुद्ध भाषणें करणाऱ्या मंडळींनीं आपल्या सभांचा खर्च एक वर्ष या खाटांकडे वळविला तर आम्हीं त्यांचे आभार मानूं.

सरकारच्या मागें लागावें, परंतु त्याच्याच तोंडाकडे पाहत बसूं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां पुण्यांतील उद्योजक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानें भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त गांवांतील बाराशें मुलांस पुण्यास आणलें व त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. वाघोलीस त्यांच्यासाठीं उभें राहिलेलें संकुल सर्वांस ठाऊक आहे. त्या मंडळींनीं धान्य व कांबळीं वाटून फोटो काढून परत यावें, एवढें केलें असतें तरी त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण त्यांनीं वर्षांनुवर्षांचा भार पत्करला. पुण्यांतच १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी सहायक समिति स्थापन केली. तीही नागरिकांच्या देणग्यांवर खेड्यांतील मुलांस राहण्या-जेवण्याची सोय करीत आली आहे. लातूर, सोलापूर, बार्शी, नांदेड येथील बाजारपेठा याच शेतकऱ्याच्या मालावर उभ्या आहेत. एका मुलाच्या मेसचे महिना तीन हजार धरले तर सहा महिन्यांचे अठरा हजार होतात. एका पेढीस हें जड नाहीं. जेथें जड असेल तेथें चार दुकानांनीं मिळून एक विद्यार्थी घ्यावा. आमची एकच विनंति आहे कीं, दिलेल्या दानाचा फलक लावूं नये व ज्यास दिलें त्याचें नांव छापूं नये. वीस वर्षांच्या मुलास वर्गमित्रांदेखत हात पसरावयास लावणें हें त्यास उपाशी ठेवण्याहून फारसें वेगळें नाहीं.

कॉलेजच्या चालकांसही आमचें सांगणें आहे. सरकारी आदेश आला नाहीं, ही सबब सोयीची आहे. परंतु हप्ता पुढें ढकलणें, दंड न आकारणें, फी राहिली म्हणून परीक्षेचा अर्ज न अडविणें, पुरांत वाहून गेलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत फुकट मिळवून देणें, या गोष्टींपैकीं बहुतेक प्रिन्सिपॉलांच्या एका सहीनें होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं “कमवा आणि शिका” ही प्रथा याच महाराष्ट्रांत रुजविली. ग्रंथालयांत, प्रयोगशाळेंत, कचेरींत तासांवर काम देऊन विद्यार्थ्याचा जेवणाचा खर्च निघण्यासारखा असेल, तर अशा वर्षीं त्या जागा दुप्पट करण्यास काय हरकत आहे?

राहतां राहिले खुद्द विद्यार्थी. त्यांतील पुष्कळांस असें वाटतें कीं, एकदां अर्ज भरला, शिष्यवृत्ति मिळाली किंवा नाकारली, म्हणजे विषय संपला. तसें नाहीं. पुन्हां मागणें हा अपराध नव्हे. मात्र मागतांना नुसतें “परिस्थिति हलाखीची आहे” असें लिहूं नये. तें वाक्य वाचून वाचून कारकुनांचे डोळे बधिर झाले आहेत. किती एकर पीक गेलें, कोणतें गेलें, घरांत मिळविणारीं माणसें किती, मागील वर्षीं पिकाचे किती आले व यंदा किती आले, सरकारी मदत मिळाली असल्यास किती, फी किती भरली व किती उरली, आणि नेमकी किती रकमेची व कोणत्या महिन्यापर्यंत गरज आहे, हें आंकड्यांनिशीं एका पानांत लिहावें. सोबत पंचनाम्याची नक्कल, सातबारा किंवा मजुरीचा दाखला, आडतीची मागील वर्षाची पट्टी, वसतिगृहाची किंवा मेसची पावती, आणि शक्य असेल तर पडलेल्या घराचें छायाचित्र जोडावें. मिळालेली मदत लपवूं नये. ती लपविली व उघडकीस आली तर बाकीचें खरेंही खोटें ठरतें. अर्ज हप्त्याच्या तारखेपूर्वीं प्रिन्सिपॉलांच्या नांवें द्यावा, त्याची एक प्रत समाजकल्याणाच्या किंवा उच्च शिक्षणाच्या जिल्हा कचेरीस पाठवावी, आणि दोन्हीं ठिकाणीं तारखेची पोंच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलूं नये.